आयटीआयनंतर महावितरणची अप्रेंटिसशिप : सांगली-साताऱ्यासाठी, अर्जापासून खांबापर्यंत

वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय झाला आणि महावितरणमध्ये अप्रेंटिस म्हणून नाव लागलं की गावात लगेच बोलबाला होतो, 'पोरगं बोर्डात लागलं.' वीज मंडळाचं विभाजन ६ जून २००५ ला होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी लोकांच्या तोंडी बोर्डच आहे. पण हे 'लागणं' नव्हे, हे पहिल्याच दिवशी घरात स्पष्ट सांगा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे तुम्ही प्रशिक्षणार्थी असता, कर्मचारी नाही. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन आस्थापनेवर नसतं. मग हे वर्ष कशासाठी करायचं? एक, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रासाठी. दोन, लाईनवर सुरक्षित काम करण्याची जी सवय आयटीआयच्या कार्यशाळेत लागू शकत नाही, तिच्यासाठी. करार नीट नोंदला नाही तर पहिली गोष्ट हातून जाते. घाईघाईनं खांबावर चढलात तर दुसरी जाते, आणि तिच्याबरोबर काय जाऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

अर्ज कुठे आणि कसा

सांगली मंडल कोल्हापूर परिमंडलात येतं आणि सातारा मंडल बारामती परिमंडलात. त्यामुळे दोन्हीकडच्या जागा, तारखा आणि याद्या वेगवेगळ्या असतात. कराडचा मुलगा शेजारच्या वाळव्यातल्या मित्राच्या जाहिरातीची तारीख धरून बसला तर त्याची स्वतःची तारीख निघून जाते. पोर्टलवर महावितरणच्या नावानं बऱ्याच नोंदी दिसतात, कारण मंडल किंवा विभाग कार्यालयाची नोंद स्वतंत्र असते. विटा, कवठेमहांकाळ, फलटण, वाई, वडूज यातलं आपलं कार्यालय कोणतं ते नोंदीतला पत्ता वाचून ठरवा आणि जाहिरातीतला आस्थापना क्रमांक त्याच्याशी ताडून बघा. चुकीच्या नोंदीवर केलेला अर्ज कुणी तुमच्या वतीनं योग्य जागी पाठवत नाही.

महावितरण ही एकच वाट नाही. कराड भागात महापारेषणची अतिउच्च दाबाची उपकेंद्रं आहेत, कोयनेला महानिर्मितीची जलविद्युत केंद्रं आहेत. ज्यांना रिले, ब्रेकर, बॅटरी, मोठे ट्रान्सफॉर्मर शिकायचे आहेत त्यांनी महापारेषणकडे जरूर अर्ज करावा. मात्र खांब, डीपी (खांबांवरचा वितरण ट्रान्सफॉर्मर) आणि ग्राहकाच्या दारातलं काम तिथे कमी मिळतं. कुठे जायचं हे या फरकावरून ठरवा, घरापासूनचं अंतर नंतर बघा.

आयटीआयवाल्यांसाठी नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. पदविका आणि पदवीधारकांचं पोर्टल वेगळं आहे, त्याला नॅट्स म्हणतात. नोंदणी करताना आधारची ई-केवायसी होते आणि इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. कारण साधं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. एकात वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असला तरी पडताळणीत अडचण येते. जाहिरात आल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आयटीआयचं शेवटचं वर्ष चालू असतानाच दहावी, आयटीआय, आधार आणि बँक पासबुक या चारही ठिकाणचं नाव शेजारी शेजारी ठेवून तपासा.

बँक खातं आधारशी नुसतं 'लिंक' असून भागत नाही. थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खातं आधारशी 'सीड' झालेलं लागतं, आणि एका वेळी एकच खातं सीड राहतं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातं सीड असेल आणि अर्जात नवं दिलं असेल, तर सरकारी वाट्याचे पैसे जुन्या खात्यात जातात किंवा परत फिरतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी हेच खातं सीड करा' असा लेखी अर्ज द्या आणि आठवड्याभरानं खात्री करून घ्या.

निवड साधारणपणे दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. ऑनलाईन अर्जानंतर छापील प्रत आणि साक्षांकित कागद ठरलेल्या तारखेपर्यंत कार्यालयात देण्याची अट जाहिरातीत असेल, तर ती शब्दशः पाळा. ऑनलाईन अर्ज झाला म्हणून निवांत बसलेले पुष्कळजण यादीत नसतात. दहावीची गुणपत्रिका, आयटीआयच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, पासबुक आणि फोटो यांचे तीन संच तयार ठेवा. या सगळ्या प्रक्रियेत कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. 'साहेबांशी ओळख आहे, दहा हजारांत नाव लावतो' म्हणणारा माणूस भेटला तर तिथूनच मागं फिरा.

करार वाचून सही करा

निवड झाली की पोर्टलवर करार तयार होतो. त्यात ट्रेड, कालावधी, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, विद्यावेतन हे सगळं असतं. तुम्ही तो मान्य केल्यावर आणि नोंदणी झाल्यावर करार क्रमांक मिळतो. करार होईपर्यंत कायद्याच्या नजरेत तुमचं प्रशिक्षण सुरू झालेलं नसतं, आणि करार नोंदल्याची खूण म्हणजे हा क्रमांक. 'कागद होत राहतील, तू उद्यापासून ये' असं कुणी प्रेमानं म्हटलं तरी क्रमांकाशिवाय लाईनवर जाऊ नका. अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. पण तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात हे दाखवणारा कागद तो करारच.

विद्यावेतनाची किमान रक्कम नियमानं ठरते. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी ती महिना ७,००० रुपये धरली होती. तुमची रक्कम करारात लिहिलेली असते, तीच प्रमाण माना. केंद्राच्या एनएपीएस (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजनेचा लाभ लागू असेल तर विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, इतका वाटा सरकारकडून वेगळा जमा होतो. म्हणजे महिन्याला दोन जमा दिसतात, बहुधा वेगवेगळ्या तारखांना. पहिली जमा कमी दिसली म्हणून भांडायला जाण्याआधी दुसरी तपासा.

जादा तास हा कळीचा मुद्दा आहे. वळवाचा पाऊस येतो, पाच-सहा खांब आडवे होतात, रात्री सगळी शाखा बाहेर पडते आणि अप्रेंटिसलाही फोन येतो. कलम १५ प्रमाणे प्रशिक्षणार्थी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला जादा काम देता येत नाही. शिकण्याची हौस चांगली आहे, आणि वादळानंतरचं काम बघण्यासारखं असतंही. पण दिवसभराच्या कामानं थकलेलं शरीर, अंधार, ओला खांब आणि नवखा हात ही जोडणी वाईट आहे. अशा वेळी खालून टॉर्च धरणं, साहित्य मोजून देणं, लोकांना तारेपासून लांब ठेवणं इतकंच करा.

परमिट : इथे घाई नाही

आता खरं काम. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रातून निघणारा ११ केव्हीचा एक फिडर, म्हणजे गावांकडे वीज नेणारी लाईन, घ्या. त्याच्यावरचा एक जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) जळालाय, तो बदलायचा आहे. नवशिक्याला वाटतं, काम जम्परचं आहे. जम्परला पंधरा मिनिटं लागतात. काम आहे ते लाईन सुरक्षित करण्याचं.

परमिट म्हणजे लाईन बंद करून तिच्यावर काम करायला उपकेंद्राकडून मिळणारी नोंदलेली परवानगी. ती ज्याच्या नावावर निघते तो अधिकृत माणूसच उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडे मागणी करतो. अप्रेंटिसच्या नावावर परमिट निघत नाही. पण तुम्ही तिथे उभे असाल तर चार गोष्टी कान देऊन ऐका: फिडरचं नाव, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत काम, किती माणसं, आणि परमिट क्रमांक. फिडरची नावं गावांवरून असतात. एकाच उपकेंद्रातून सारख्या नावाचे दोन फिडर निघतात, एक गावठाणाचा आणि एक शेतीचा. 'अमक्या गावचा बंद करा' एवढ्यावर चुकीचा ब्रेकर उघडला जातो. म्हणून नाव पूर्ण घ्यायचं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे शेतीच्या फिडरचं वेळापत्रक. 'आता शेतीची लाईट गेलीय, पटकन करून घेऊ.' वेळापत्रकानं गेलेली लाईट वेळापत्रकानं येते, कधी वेळेआधीही येते. शिवाय काही फिडरवर शेतीचा थ्री फेज पुरवठा बंद असताना वस्तीसाठी सिंगल फेज चालू ठेवलेला असतो. पंप फिरत नाही म्हणजे तार मेली आहे असं कधीच समजू नका. वेळापत्रक म्हणजे परमिट नव्हे.

परमिट मिळालं की कामाच्या जागेजवळचा एबी स्विच (खांबावरचा, खालून हँडलनं चालणारा तीन ब्लेडचा स्विच) उघडायचा, आणि मान वर करून तिन्ही ब्लेड उघडल्या का ते बघायचं. गंज चढलेला किंवा पाईप वाकलेला स्विच हँडल पूर्ण खाली आलं तरी एक ब्लेड चिकटलेली ठेवतो. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं तर ते दिसत नाही. ऊन पाठीशी घ्या आणि ब्लेडमागे मोकळं आभाळ येईल अशी जागा धरा. मग हँडलला कुलूप, किल्ली खिशात, 'काम चालू आहे' ची पाटी.

नंतर तपासणी. डिटेक्टर आधी चालू असलेल्या लाईनवर लावून तो ओरडतो का बघा, मग आपल्या लाईनवर लावा. सेल संपलेला डिटेक्टर प्रत्येक लाईन 'बंद' दाखवतो.

त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडणारा दांडा. आधी रॉडच्या वायरचा क्लॅम्प अर्थला घट्ट बसवायचा, मग रॉड तारेला लावायचा. काढताना उलट: आधी तारेवरून रॉड, शेवटी अर्थचा क्लॅम्प. हा क्रम उलटला तर तारेतला प्रवाह जमिनीत जायला मोकळी वाट नसते, ती वाट तुमच्या हातातून जाते. रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना लावायचे आणि त्यांच्या मधेच काम करायचं. एका बाजूला लावून चालत नाही, कारण वीज उपकेंद्राकडूनच येते असं नाही. डेअरी, मंगल कार्यालय, दवाखाना यांचे जनरेटर असतात. चेंजओव्हर स्विच चुकीचा जोडला असेल तर जनरेटरची वीज उलटी डीपीवर येते आणि ट्रान्सफॉर्मर तिला ११ केव्ही करून तारेवर टाकतो. छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर लाईट गेल्यावर आपोआप बंद व्हायला हवा, पण त्याच्यावर जीव सोपवायचा नसतो. खांबावर वरून दुसरा फिडर किंवा खालून एलटी (कमी दाबाची लाईन) जात असेल तर त्यांचाही बंदोबस्त आधी करायचा.

काम संपल्यावर माणसं मोजा, हत्यारं मोजा, रॉड मोजा. ज्यानं परमिट घेतलं तोच ते परत करतो. रॉड तारेवर विसरून परमिट परत झालं तर ब्रेकर टाकताक्षणी मोठा शॉर्ट होतो.

रबरी हातमोजे रोज वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा आणि कानाशी धरून दाबा. सुईएवढं भोक असलं तरी हवेचा आवाज येतो. असा मोजा बाजूला टाका. मोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट यांची मागणी लेखी करा. आणि मोजे आहेत म्हणून चालू ११ केव्हीला हात लावता येतो, या समजुतीत कुणी राहू नका.

डीपीवर डोकं चालवा

आपल्याकडे 'डीपी जळाली' हे वाक्य उन्हाळ्यात रोज कानावर येतं. का जळते हे गणितानं समजून घेतलं तर अप्रेंटिसशिपचं वर्ष सार्थकी लागेल. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर एलटी बाजूला ४३३ व्होल्टवर साधारण १३३ अँपिअर देतो, ६३ केव्हीएचा ८४ आणि २०० केव्हीएचा २६७. पाच एचपीचा एक शेतीपंप साडेसात अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे १०० केव्हीएवर असे सतरा पंप झाले की भांडं भरलं. उसाला आणि द्राक्षाला एकाच वेळी पाणी द्यायची घाई असते, पंचवीस पंप चालू होतात, १८७ अँपिअर होतात, ट्रान्सफॉर्मर ४० टक्के जादा ओढतो. व्होल्टेज पडतं, मोटार तेवढाच भार उचलायला आणखी करंट घेते, आणि तापमान चढत जातं.

त्यात ऑटोस्विच. लाईट आली की सगळे पंप एकाच क्षणी उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, फ्यूज जातो. मग कुणीतरी फ्यूजमध्ये जाड तार घालतो. आता फ्यूज जात नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. डीपीवर गेलात की किटकॅट (फ्यूजची तार बसवायचा होल्डर) उघडून तार कोणती आहे ते बघा. जाड ॲल्युमिनियमची तार दिसली तर जनमित्रांना (महावितरणच्या लाईनमनना) दाखवा. टोंग टेस्टरनं तिन्ही फेजचा करंट मोजा. एकावर १६० आणि दुसऱ्यावर ७० असेल तर ट्रान्सफॉर्मर वाढवण्याआधी भार वाटून देण्याची गरज आहे. शेतकऱ्याला कपॅसिटरचं सांगा: पाच एचपीला २ केव्हीएआर, तीन एचपीला १. करंट कमी होतो, आणि ते त्याच्याच केबलच्या आणि मोटारीच्या फायद्याचं असतं.

डीपी बंद करतानाचा क्रम पाठ करा: आधी एलटीचा भार काढायचा, मग एबी स्विच, मग डिओ (ड्रॉप-आउट फ्यूज). एबी स्विच भार तोडण्यासाठी नसतो. भारावर उघडला तर ब्लेडवर ज्वाळ उठते. चालू करताना हाच क्रम उलटा.

नवा ट्रान्सफॉर्मर चढवण्याआधी मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) एचटी (उच्च दाबाची बाजू) ते बॉडी, एलटी ते बॉडी आणि एचटी ते एलटी असं तीनदा मोजा. न्यूट्रलचं अर्थिंग सोडल्याशिवाय एलटीचं मोजलं तर शून्य येतं आणि चांगला ट्रान्सफॉर्मर परत पाठवला जातो. तेलाची पातळी बघा, ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ती बदला. अर्थिंगच्या दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट ठेवा. जवळजवळ ठोकलेले दोन रॉड जमिनीत एकाच रॉडसारखे वागतात.

दोन दोष हंगामाप्रमाणे शोधायला शिका. जूनच्या पहिल्या पावसात फिडर ट्रिप होतो आणि ऊन पडलं की धरतो, तेव्हा पिन इन्सुलेटरला केसाएवढी चीर असते. पाणी गेलं की ती वीज सोडते. आणि ऊस वाढल्यावर लोंबणाऱ्या तारांची घासाघीस होते, ठिणगी वाळलेल्या पाचटात पडते, एकराचे एकर जातात. कारण बहुधा ढिला ताण, कललेला खांब किंवा एलटीला नसलेले स्पेसर (तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे तुकडे). उसातून फिडर जातो तिथे ताण आणि खांब दिवाळीआधी बघितले पाहिजेत. फडात ऊस डोक्याच्या वर गेल्यावर तिथे शिडी पोचत नाही.

वही, परीक्षा, तक्रार

रोज अर्धं पान लिहा: तारीख, जागा, फिडर, परमिट क्रमांक, काय बिघडलं होतं, कारण काय निघालं, काय मोजलं. 'लाईनवर काम केले' अशी ओळ कुणाच्याच कामाची नाही. महिन्याच्या शेवटी शाखा अभियंत्यांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांच्या सह्या एकदम मागायला गेलात तर बदली झालेले साहेब कुठे शोधणार? पोर्टलवरची हजेरी दर महिन्याला स्वतः उघडून बघा, कारण परीक्षेला बसायला हजेरी लागते आणि विद्यावेतनही तिच्यावर निघतं.

सैद्धांतिक भागासाठी जिल्ह्यातलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं, मुलांच्या बोलण्यातलं बीटीआरआय. शेवटची अखिल भारतीय परीक्षा इथल्याच अभ्यासक्रमावर होते. वर्षभर खांबावर राहिलेल्यांना प्रात्यक्षिक जमतं, पण मोटार वाइंडिंग, स्टार-डेल्टा स्टार्टर, पॅनेल वायरिंग हातून सुटलेलं असतं. ते बीटीआरआयमध्ये मागून घ्या.

वर्षभर नुसतं झेरॉक्स काढायला किंवा बिलं वाटायला लावलं, तर आधी शाखेत तोंडी, मग विभागात लेखी, आणि तरीही फरक पडला नाही तर सहायक प्रशिक्षणार्थी सल्लागारांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. राग येऊन मधेच यायचं बंद करू नका; करार संपवायचा असेल तर कलम ७ प्रमाणे अर्ज करावा लागतो, आणि पोर्टलवर अर्धवट राहिलेला करार पुढच्या अर्जाच्या आड येतो.

परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. त्यावरचं नाव आणि ट्रेड लगेच तपासा. विद्युत सहाय्यकासारख्या भरतीची जाहिरात आल्यावर दुरुस्ती करायला वेळ मिळत नाही. भरतीची वाट बघत घरी बसू नका. विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून तारतंत्री परवाना काढला तर परवानाधारक ठेकेदाराकडे, साखर कारखान्यात, ताकारी-म्हैसाळ-टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांच्या पंपगृहांवर काम मिळू शकतं. परवान्याच्या अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो, तो शेवटच्या दिवशी कार्यालयातून सही-शिक्क्यासह घेऊनच निघा.